‘अंतिम’ या शब्दाची मर्यादा

‘सक्षम अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम राहील’ असे वाक्य अधिनियमात घातले की वाद मिटतो, अशी प्रशासनात एक समजूत आहे. ऑस्ट्रेलियातील आश्रय-अर्जांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

मायदेशी छळ होईल या भीतीने तेथे आलेल्या व्यक्तीस संरक्षण व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. अधिकाऱ्याने तो नाकारल्यास १९९३ पासून निर्वासितविषयक न्यायाधिकरणाकडे दाद मागता येत असे. तेथेही नकार मिळाला, तर न्यायालयाचा मार्ग उरे. न्यायालय स्वतः व्हिसा देत नाही. निर्णय कायद्याच्या मर्यादेत झाला की नाही, एवढेच ते पाहते. झाला नसेल तर प्रकरण फेरविचारार्थ परत पाठवते.

ऑगस्ट २००१ मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेजियन जहाजाने बुडत्या नावेतील ४३३ जणांना वाचविले. ऑस्ट्रेलियाने त्यांना आपल्या भूमीवर उतरू दिले नाही. त्या तापलेल्या वातावरणात, १९९८ पासून रेंगाळलेली एक दुरुस्ती संमत झाली आणि १९५८ च्या स्थलांतर अधिनियमात नवे कलम ४७४ आले. व्हिसाविषयक निर्णय अंतिम असून त्यांना कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असा त्याचा आशय होता. पुढे दाव्यासाठी ३५ दिवसांची मुदतही घालण्यात आली.

शासनाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. दावा चालू असेपर्यंत देशात राहता येत असेल, तर विलंबालाच मोल येते आणि दुबळे दावेही दाखल होतात. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने दोन्ही चुकांची किंमत मांडली पाहिजे. अपात्र व्यक्ती काही काळ राहिली, तर खर्च पैशांत मोजता येतो. पात्र व्यक्तीला छळाच्या तोंडी परत पाठविले, तर ती चूक पुढे दुरुस्त करता येईलच असे नाही.

ही तरतूद ‘वादी एस १५७/२००२’ या खटल्यात उच्चतम न्यायालयापुढे आली. आश्रयार्थीचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई असल्याने वादीची ओळख या क्रमांकापुरतीच आहे. आपल्याविरुद्धची माहिती आपल्याला न कळविताच न्यायाधिकरणाने विचारात घेतली, अशी त्याची तक्रार होती. ४ फेब्रुवारी २००३ रोजी न्यायालयाने कलम रद्द केले नाही. त्याचा अर्थ लावला. अधिकारकक्षा ओलांडून घेतलेला निर्णय हा अधिनियमाखालील निर्णयच नव्हे, म्हणून कलमाचे संरक्षणही त्यास नाही. या निष्कर्षाचा आधार १९०१ च्या राज्यघटनेतील कलम ७५(५) हा होता. केंद्राच्या अधिकाऱ्याविरुद्ध आदेश देण्याचा न्यायालयाचा हा अधिकार साध्या कायद्याने काढून घेता येत नाही.

भारत १९५१ च्या निर्वासित कराराचा सदस्य नाही. तरीही हा विचार आपल्याला परका नाही. एल. चंद्रकुमार खटल्यात १९९७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३२ व २२६ खालील न्यायिक पुनर्विलोकन हे घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग ठरविले आणि न्यायाधिकरणांचे निर्णय उच्च न्यायालयांच्या कक्षेत आणले.

अर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने यातून एवढेच घ्यावे : अर्जदाराविरुद्ध जे हाती आले असेल ते त्याला दाखवावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि मगच कारणांसह निर्णय लिहावा. असा नकार न्यायालयातही टिकण्याची शक्यता अधिक. आणि तो का मिळाला, हे निदान अर्जदाराला कळते.