पाण्याच्या पंपाची बखर

जुन्या मोटारीचा पाण्याचा पंप बदलणे हे जाणत्या मेस्त्रीला अर्ध्या दिवसाचे काम. परंतु हा पंप मुळात हवा की नको, आणि बिघडला तर दुरुस्त करावा की टाकून द्यावा, या प्रश्नांची उत्तरे काळागणिक बदलत गेली आहेत. मला त्यात यंत्राइतकाच माणसाचाही इतिहास दिसतो.

सिलिंडरात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेचा थोडाच भाग चाकांपर्यंत पोचतो. उरलेल्यापैकी बरीचशी सिलिंडरच्या भिंतींत शिरते. त्या भिंतींभोवतीचे पाणी तापते, रेडिएटरमध्ये निवते आणि परत येते. ही ये-जा चालू ठेवणे एवढेच पंपाचे काम.

हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ बाजारात आणली. तिच्या पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांना पंप होता. मग तो चक्क काढून टाकण्यात आला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, निवलेले जड होऊन खाली उतरते. पातेल्यात रोज दिसणारा हा नियमच पंपाच्या जागी कामाला लावला. जी वस्तू गाडीत नाही ती बिघडणार कशी? १९२७ पर्यंत अशा दीड कोटींवर गाड्या निघाल्या. मात्र या काटकसरीला एक अट होती. रेडिएटरमधले पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली उतरले की प्रवाह तुटे आणि इंजिन उकळू लागे.

वीस अश्वशक्तीच्या इंजिनाला हे पुरले. १९२७च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’ची शक्ती चाळीस झाली आणि पंप परत आला. त्याबरोबर एक कायमचे दुखणेही आले. फिरता दांडा पाण्यात शिरतो, तेथून पाणी झिरपायचेच. त्यावर उपाय म्हणजे दांड्याभोवती ग्राफाइट लावलेली दोरी ठासून वरून नट आवळायचा. गळती दिसली की मालक स्वतः पाना घेऊन नटाला थोडा पीळ देई. दोरी संपली की नवी भरी. पंप बदलण्याची वेळ सहसा येत नसे.

१९३२ साली फोर्डचे पासष्ट अश्वशक्तीचे ‘व्ही-८’ इंजिन आले. त्याला दोन पंप होते, पण ते वर, सिलिंडर-हेडपाशी बसवलेले. म्हणजे तापून आलेले पाणी ओढणारे. उकळीला टेकलेले पाणी ओढू गेले की त्याची वाफ होऊ पाहते आणि पंपाची पकड सुटते. १९३७ साली हे पंप खाली आणले आणि ते निवलेले पाणी आत ढकलू लागले. दोष जागेचा असेल तर नवा पंप बसवून काय होणार? इंजिन तापते म्हणून थेट पंपावर आळ घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे दोरी जाऊन स्प्रिंगने दाबलेले कार्बनचे सील आले. नट आवळण्याची कटकट गेली आणि मालकाचा हातही पंपापासून सुटला. तरी मुंबईच्या गॅरेजांत प्रीमियर पद्मिनीचा पंप उघडून, त्यात नवा दांडा, बेअरिंग आणि सील घालून तो पुन्हा उभा केलेला मी पाहिला आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर ती टॅक्सी मुंबईत धावत नाही. आता बहुतेक ठिकाणी जुना पंप भंगारात जातो आणि खोक्यातला नवा बसतो.

याबद्दल मी हळहळत बसत नाही. पण या नव्या पंपांनाही खालच्या अंगाला एक बारीक भोक असते, त्याविषयी बोलले पाहिजे. सील झिजले की पाणी बेअरिंगकडे न जाता तेथून टपकते. एका गॅरेजात हे भोक लांबी भरून बुजवल्याचे मी पाहिले. गळती थांबली म्हणून गिऱ्हाईकही खूश होते! असे केले की पाणी बेअरिंगमध्ये शिरते, दांडा डगमगू लागतो, आणि त्याच दांड्यावर पंखा असेल तर तो एके दिवशी रेडिएटर फाडतो. मॉडेल ए चालवणाऱ्याला थेंब दिसला की पाना आठवे. आपल्या हाती पाना उरला नसला तरी थेंब ओळखण्याएवढी नजर शिल्लक असायला हरकत नाही. भोक गळू लागले की ते बुजवू नये, पंप बदलावा.