जुनेराचे लंगोट

पहिलटकरीण माहेरी आली, की घरातली म्हातारी माळ्यावरचे एक गाठोडे खाली काढायला सांगते. त्या गाठोड्यात आजीचे विरलेले लुगडे असते, आजोबांचे मऊ पडलेले धोतर असते, एखादी जुनी चादर असते. म्हातारी ते लुगडे झटकते, गालाला लावून बघते आणि म्हणते, "झालं. बाळाचे लंगोट याचेच करायचे."

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. पण राजा असो की रयत, जन्माला आल्या दिवशी तो कोणत्या तरी फडक्यात गुंडाळला गेलाच होता. त्या फडक्यालाही इतिहास आहे. थोडक्या पैशांत बाळाचे कसे भागवावे, हे त्यातून कळतेच. शिवाय आणखी एक गोष्ट कळते. या कामाला पैसा जेवढा कमी लागला, तेवढे पाणी आणि तेवढे कष्ट जास्त लागले. ते पाणी कोणाला मिळाले आणि ते कष्ट कोणी उपसले, हे पाहिल्याशिवाय लंगोटाची हकीगत पुरी होत नाही.

आरंभ फार मागे जाऊन करू. चरकसंहिता हा आयुर्वेदाचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्याच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात तान्ह्या बाळाची खोली कशी असावी, अंथरूण-पांघरूण कसे असावे, हे सांगितले आहे. बाळाची वस्त्रे मऊ, हलकी, स्वच्छ आणि सुवासिक असावीत. घामाने मळलेली, किडे झालेली, मलमूत्राने भरलेली वस्त्रे टाकून द्यावीत. आता हे वाचून गरीब माणूस म्हणेल, "टाकून द्यायला दुसरी आहेत कुठं?" ग्रंथकाराला हा प्रश्न ठाऊक होता. म्हणून तो लगेच पुढे सांगतो, की दुसरी मिळणे शक्य नसेल, तर तीच वस्त्रे उत्तम धुवावीत, त्यांना धुरी द्यावी, ती शुद्ध आणि कोरडी झाल्यावर पुन्हा वापरावीत. धुरीसाठी जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड अशी द्रव्येही दिली आहेत. पहा बरे, काटकसरीने लंगोट कसे वापरावेत याचा सगळा पाठ दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवला आहे. धुवा, वाळवा, पुन्हा वापरा.

आपल्याकडच्या बायकांनी हा पाठ ग्रंथ न वाचता गिरवला. नव्या कापडाला खळ असते, ते ताठ असते, तान्ह्याच्या अंगाला टोचते. जुने कापड शंभर धुण्यांनी मऊ पडलेले असते आणि ओल चटकन शोषून घेते. म्हणून बाळंतविड्यात नवी झबली, टोपरी, कुंची आली, तरी लंगोट आणि दुपटी जुनेराचीच.

शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून पाहावा. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, म्हणजे 324 इंच. पन्हा 45 इंच धरा. त्यातून 22 इंचांचे चौकोन काढले, तर लांबीत 14 आणि रुंदीत 2, असे 28 चौकोन निघतात. पदराकडचा विरलेला, फाटका भाग सोडला तरी दोन डझन लंगोट हाती लागतात. कडा दुमडून धावदोरा घातला, की सुते सुटत नाहीत. चौकोनाची कोनाकोन घडी घातली की त्रिकोण होतो. दोन टोके कमरेभोवती आणि तिसरे पायांमधून वर. वर कापडाचीच नाडी. एका लुगड्यात एका बाळाची सोय झाली, आणि तेच लंगोट नीट राखले तर पाठच्या भावंडालाही उपयोगी पडले. उरलेल्या तुकड्यांची गोधडी.

आता ही सोय स्वस्त दिसते, पण ती कोणाच्या जिवावर होती? तान्हे बाळ दिवसातून आठ-दहा लंगोट सहज ओले करते. ते धुवायचे कोणी? जन्म झाला की घरात सोयर. बाळंतपणाचे कपडे विटाळाचे मानलेले. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' लिहिला. त्यात बलुतेदारांची जी हकीगत आहे, तीत परीटही आहे. गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला बलुते म्हणून धान्य न्यायचे. पुष्कळ गावांत बाळंतिणीचे धुणे परटीण किंवा सुईण नेत असे. ज्या हातांनी बाळाचे कापड स्वच्छ व्हायचे, तेच हात विटाळाचे ठरायचे. गाडगे महाराजांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परिटाच्याच घरी झाला. त्यांनी अंगावर चिंध्या पांघरल्या, हाती खराटा घेतला आणि गावोगाव स्वच्छता शिकवली. चिंधी अंगावर असणे आणि घाण असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याकडे पाहूनच लोकांना कळले.

साबण खेड्यात उशिरा आला. हिंदुस्थानात विलायती सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या त्या 1888 साली. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे रिठा, चुलीतली राख आणि खार यांवर काम भागे. रिठ्याला फेस येतो आणि तो फेस मळ सोडवतो. राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा काढतो. म्हणजे साधन घरात होते. अडत होते ते पाण्यावर.

श्रोतेहो, इथे जरा थांबायला हवे. "लंगोट स्वच्छ धुवा" असे सांगणे सोपे आहे. पण ज्यांना पाणवठ्यावर पाऊलच टाकू देत नव्हते, त्या आईने काय करायचे? कोणी वरून ओतले तर घागरभर पाणी मिळायचे. त्यात आधी प्यायचे, मग शिजवायचे, आणि उरलेच तर बाळाचे कापड. मग तिलाच नावे ठेवायची, की "पोर घाणेरडं ठेवते." जोतीराव फुले यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे असावेत. ठराव कागदावर राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि हजारो लोकांसह ते पाणी प्याले. इतिहासाच्या पुस्तकात ही माणुसकीच्या हक्काची लढाई म्हणून येते, आणि ती तशीच आहे. पण तिच्यात तान्ह्या लेकराच्या धुतलेल्या लंगोटाचाही हक्क होता, हे मुलांना जरूर सांगा. 1972 च्या दुष्काळात आणि पुढेही टँकरच्या गावांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहिलाच. पाणी नसले की पहिली काटकसर धुण्यावर येते.

आता परदेशात काय झाले ते थोडक्यात पाहू. तिकडेही शतकानुशतके कापडच होते. 1849 साली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि लंगोट टाचायची सोय झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मॅरियन डोनोव्हन नावाची अमेरिकन आई रात्रंदिवस ओली दुपटी बदलून कंटाळली. 1946 साली तिने न्हाणीघराचा जलरोधक पडदा कापून लंगोटावर घालायची चड्डी शिवली. तिचे पेटंट तिला 1951 साली मिळाले. पुढे 1961 साली अमेरिकेत पॅम्पर्स नावाचे वापरून टाकून द्यायचे लंगोट बाजारात आले. तेच हळूहळू आपल्या शहरांत आणि मग खेड्यांतल्या किराणा दुकानांत येऊन टांगले गेले. मुले त्याला डायपर म्हणतात, म्हाताऱ्याही आता म्हणतात.

हा डायपर वाईटच, असे मी म्हणणार नाही. एस्टीचा लांबचा प्रवास आहे, आईला पहाटे कामावर जायचे आहे, मुसळधार पावसात चार दिवस ऊन नाही, तेव्हा तो उपयोगी पडतो. ज्या बाईने शेकडो लंगोट विहिरीवर धोपटले, तिला त्या सोयीचे मोल विचारा. पण हिशेब करून घ्यावा. दिवसाला 8 धरले तर महिन्याला 240 होतात. तुमच्या गावच्या दुकानात एका डायपरची किंमत विचारा आणि तिला 240 ने गुणा. आलेला आकडा बाळाच्या आईच्या दूध-भाजीच्या खर्चाशेजारी मांडा. शिवाय तो टाकायचा कुठे? त्यात प्लॅस्टिक असते, ओल धरणारी रासायनिक भुकटी असते, आणि आत मळही असतो. तो ओढ्यात वाहत जातो, उकिरड्यावर कुत्री ओढतात, जाळला तर विषारी धूर होतो. 2016 च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर नीट गुंडाळून वेगळे द्यावेत असे सांगितले गेले. पण ते न्यायला कचऱ्याची गाडीच येत नसेल, तर खेड्यातल्या आईने ते कोणाच्या हाती द्यावेत?

तेव्हा ज्या घरात बेताचे उत्पन्न आहे, त्यांनी जुनेराकडे पाठ फिरवू नये. मात्र जुनी रीत डोळस करून घ्यावी. दोन ते तीन डझन सुती लंगोट आणि डझनभर दुपटी पुरे होतात. जुने कापड घेतले, तर ते कापण्याआधीच उकळून उन्हात वाळवावे. मळाचा लंगोट आधी संडासात झटकावा आणि थंड पाण्यात खळबळावा. गरम पाणी आधी घातले तर डाग धरतो. मग साबण लावून धुवावा, पाच-दहा मिनिटे उकळावा, आणि साबणाचा अंश राहणार नाही असा स्वच्छ पाण्यातून काढावा. मग कडक ऊन. उन्हासारखा फुकटचा जंतुनाशक दुसरा नाही. पावसाळ्यात घरातल्या वलणीवर वाळवून वरून इस्त्री फिरवावी. मळाचे पाणी पिण्याच्या पाणवठ्याजवळ कधी ओतू नये.

धुरीबद्दल एक शब्द. कपड्यांना धुरी देण्याची रीत जुनी आहे, पण कोंदट खोलीत बाळालाच धुरात धरणे बरे नव्हे. धूर त्याच्या कोवळ्या फुफ्फुसांना बाधतो. तसेच लंगोट बेंबीच्या खाली बांधावा, म्हणजे नाळ कोरडी राहते. नाळेवर राख, हळद, शेण काही लावू नये. अशा गोष्टींतून आणि घाणेरड्या पात्याने नाळ कापल्यामुळे नवजात बाळांना धनुर्वात होई, आणि किती पाळणे रिकामे होत. आईला दिलेल्या लसीने आणि स्वच्छ बाळंतपणाने 2015 साली भारतात या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. ते टिकवणे आपल्या हाती आहे. लंगोट करकचून आवळू नये, पाय गुडघ्यांत मोकळे दुमडता आले पाहिजेत. ओला झाला की लगेच बदलावा आणि मधूनमधून बाळाला उघडे ठेवावे. म्हणजे अंग लाल होत नाही.

कापडी लंगोटाचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही. तो ओला झालेला लगेच कळतो. पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, तर बाळाला दूध पुरते आहे असे समजावे. कमी होत असतील तर आरोग्यसेविकेला दाखवावे. अडाणी समजली गेलेली आजी हे दुपटी मोजूनच ओळखत असे.

शेवटी कष्टांची गोष्ट. महात्मा गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे, की दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी बालसंगोपनावरचे एक गुजराती पुस्तक वाचले आणि आपल्या धाकट्या दोन मुलांची सेवा स्वतः केली. 1900 साली शेवटच्या मुलाच्या जन्माच्या वेळी वेळेवर दाई मिळाली नाही, तेव्हा बाळंतपणही त्यांनीच केले. बॅरिस्टर माणसाला जे हलके वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे? बाळंतीण ओली असते, तिला थंड पाण्यात उभे करू नये, असे आपणच म्हणतो. मग तिचे धुणे म्हाताऱ्या सासूवर किंवा दहा वर्षांच्या मुलीवर पडते, आणि ती मुलगी शाळेला मुकते. गुरुजी, तुमच्या हजेरीपटावर एखादी मुलगी सलग आठ दिवस गैरहजर दिसली, तर घरी भाऊ झालाय का, ते जरूर विचारा. आणि तिच्या वडिलांना गाठून एवढेच सांगा, "दादा, पोरीला शाळेत धाडा, आणि सकाळची लंगोटांची बादली तेवढी तुम्ही उचला."