मरीन ड्राइव्हचा कट्टा

आमच्या पनवेलची मुले हल्ली लग्नाचे विचारायला हार्बर लोकल पकडून मरीन ड्राइव्हचा कट्टा गाठतात. आमच्या वेळी जागा वडीलधारीच ठरवत: मुलीच्या घरची बाहेरची खोली आणि समोर पोह्यांच्या बशा!

कट्ट्यामागचा इतिहास मात्र मुळीच रोमँटिक नाही. 1920 च्या दशकात सरकारने बॅकबेचा समुद्र बुजवायला घेतला आणि पैसा अक्षरशः पाण्यात जाऊ लागला. खुर्शेद नरिमन यांनी तो गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या इंजिनियरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. तो नरिमन जिंकले. पुढे त्या भरणीवर रस्ता झाला, कट्टा झाला.

चाळीतल्या एका खोलीत सात-आठ माणसे, दोघांनी बोलायचे कुठे? इथे शहराकडे पाठ केली की एकांत, तोही फुकट. दक्षिणेच्या टोकाला नरिमन पॉइंट. तो याच नरिमनांच्या नावाचा.