फॉर्साइथची रायफल आणि पूर्वेचा रानरेडा

मंडळाची सहल पचमढीला गेली होती, तेव्हा बायसन लॉजच्या ओसरीत आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, "बायसन म्हणजे ती अमेरिकेतली म्हैस ना? ती इथे कुठून आली?" प्रश्न साधा, पण उत्तर देताना मीच अडखळलो. घरी, इंदुरात परतल्यावर कपाटातली पुस्तकं काढली. त्यातून हे टिपण तयार झालं.

आधी नावांचा गुंता सोडवू. आपल्याकडच्या इंग्रज शिकाऱ्यांनी ज्याला 'बायसन' म्हटलं तो आपला गवा. तो गाईबैलांच्या कुळातला. अमेरिकेतला खरा बायसन तो वेगळाच, त्याला तिथले लोक 'बफेलो' म्हणतात. आणि ज्याला खरोखर बफेलो म्हणायला हवं, ती आपली रानम्हैस, म्हणजे रानरेडा, आपल्या गोठ्यातल्या म्हशीचा पूर्वज. म्हणजे तीन जनावरं आणि दोन नावं. जुन्या शिकारवर्णनांत यामुळे फार घोटाळे होतात. मराठीत 'गवा' आणि 'रानरेडा' असे दोन स्वच्छ शब्द असताना आपणही बायसन-बायसन करतो, हे मला खटकतं.

बायसन लॉज बांधलं कॅप्टन जेम्स फॉर्साइथने. प्रवासी माहितीत बरेचदा १८५७ साल दिलेलं असतं, पण तो पचमढीच्या पठारावर आला तो १८६२ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी नागपूरचा प्रांत आणि सागर-नर्मदेचा मुलूख जोडून मध्य प्रांत केला होता. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा होऊन जेमतेम सात-आठ वर्षं झाली होती. नव्या प्रांतातली जंगलं किती, लाकूड किती, हे मोजायला माणसं पाठवली, त्यांतला हा एक. पुढे तो निमाडचा बंदोबस्त अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर झाला. निमाडचा एक भाग होळकरांचा, एक इंग्रजांचा, म्हणजे तो आपला शेजारीच म्हणायचा. १८७१ मध्ये, वयाची पस्तिशीही न गाठता तो वारला, आणि मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं प्रसिद्ध पुस्तक त्याच वर्षी निघालं.

पण आमच्यासारख्या यंत्रवाल्यांना तो आठवतो त्याच्या दुसऱ्या पुस्तकासाठी. ते शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवरचं. १८६७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली होती. आजही परदेशात जे हौशी लोक काळ्या दारूच्या बंदुका चालवतात ते 'फॉर्साइथचा पीळ' असा शब्द वापरतात. ही काय भानगड आहे ते सांगतो, कारण यातच रानरेड्याची गोष्ट अडकली आहे.

काळी दारू म्हणजे साधारण पाऊण हिस्सा सोरा, उरलेला कोळसा आणि गंधक. (हा सोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधून विलायतेला जाई, हेही लक्षात ठेवायला हवं.) ही दारू कितीही भरली तरी गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही. सेकंदाला पंधरा-सोळाशे फूट म्हणजे उत्तम. मग हजार किलोच्या आसपास वजनाचं, जाड कातड्याचं जनावर पाडायचं कसं? वेग वाढत नसेल तर वजन वाढवा. म्हणून गोळ्या मोठ्या, नळ्या रुंद. नळीचं मापही गोळीच्या वजनावरूनच सांगत. १४ बोअर म्हणजे एका पौंड शिशात ज्या मापाच्या १४ गोळ्या होतात ते. एक गोळी सुमारे ३२ ग्रॅमची, पावणेअठरा मिलिमीटर व्यासाची.

अडचण पुढे येते. रायफलच्या नळीला आतून आटे असतात, त्यांनी गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. फौजेच्या १८५३ सालच्या एनफिल्डला ७८ इंचांत एक फेरा होता, दारू अडीच ड्रॅम आणि गोळी लांबट. लांबवर, शत्रूच्या रांगेवर मारायला ते ठीक. पण जंगलात जनावर दिसतं ते साठ-सत्तर, फार तर दीडशे यार्डांवर. तिथे गोळी जोरात आणि सपाट जायला हवी, म्हणजे दारू जास्त हवी. दारू दुप्पट केली आणि आटे घट्ट पिळाचे असले, की कापडात गुंडाळलेली मऊ शिशाची गोळी आट्यांचं ऐकतच नाही. सरळ घसरून बाहेर पडते. ज्यांनी खराब नटावर जोर लावून आटे मारले असतील त्यांना हे लगेच कळेल!

फॉर्साइथचं म्हणणं असं की गोल गोळीला इतकी फिरकी लागतच नाही. लांबट गोळी भोवऱ्यासारखी डुलते, गोल गोळीला डुलायला पुढचं टोकच नाही. १४ बोअरला त्याने १०४ इंचांत एक फेरा सुचवला. म्हणजे २६ इंची नळीत गोळी फक्त पाव फेरा फिरते. एवढ्या ढिल्या पिळात पाच ड्रॅम, म्हणजे जवळजवळ नऊ ग्रॅम दारू भरली तरी गोळी आटे सोडत नाही. मी सहज हिशोब करून पाहिला. सोळाशे फुटांचा वेग धरला तर साडेतीन हजार ज्यूलच्या वर ऊर्जा होते. त्या काळात ठासणीच्या आणि खांद्याला झेपणाऱ्या बंदुकीसाठी ही मोठी गोष्ट होती.

याच प्रश्नाचं दुसरं उत्तर सॅम्युअल बेकरने काढलं होतं, ते निव्वळ ताकदीचं. त्याने ब्रिस्टलच्या गिब्जकडून करवून घेतलेली रायफल २१ पौंडांची होती, म्हणजे साडेनऊ किलो! एका बाराला १६ ड्रॅम दारू. असली बंदूक उचलून चालायला दुसरा माणूसच हवा. बेकर सिलोनात रानरेड्यांच्या मागे लागला होता. मिन्नेरियाच्या तळ्याकाठी घडलेला त्याचा एक प्रसंग मला या सगळ्या शिकारकथांत सर्वात खरा वाटतो. जखमी रेडा समोर उभा आणि जवळच्या गोळ्या संपलेल्या. त्याने सदऱ्याचा तुकडा फाडला, मजुरी द्यायला ठेवलेली सहा पेन्सची आणि आण्याची नाणी त्यात गुंडाळली, भरपूर दारूवर ती गजाने ठासली, आणि रेडा अंगावर आल्यावर अगदी तोंडाशी बार काढला. रेडा कोसळला आणि थोड्या वेळाने पुन्हा उठला! बेकर वाचला तो नशिबाने.

ठासणीच्या बंदुकीची खरी गोम इथे दिसते. एक बार काढला की पुढ्यात पांढरा धूर, जनावर पडलं की आलं ते दिसत नाही. दुनळी असेल तर हाती आणखी एक बार. त्यानंतर दारू मोजून ओता, गोळी बसवा, गज मारा, टोपी लावा. चांगल्या हाताला अर्धं मिनिट लागतं आणि जखमी रेडा तेवढं थांबत नाही. म्हणून साहेबामागे भरलेल्या बंदुका घेऊन दोन-तीन माणसं उभी असत. रेडा वळला तर तीही तितकीच सापडायची, पण पुस्तकांत त्यांची नावं क्वचित येतात. तोड्याची बंदूक घेऊन पाणवठ्यावर रात्रभर बसणाऱ्या गावच्या शिकाऱ्याला साहेब लोक नावं ठेवत. मला तर त्याचं गणित बरोबर वाटतं. एकच बार आहे, तर तो अगदी जवळून आणि आडोशानेच मारायचा.

आता काकूंच्या प्रश्नाचा उरलेला भाग. पचमढीला रानरेडे होते का? फॉर्साइथची यावरची निरीक्षणं बंदुकीपेक्षा मोलाची आहेत. त्याने पाहिलं की पश्चिमेकडे सागाचं जंगल आणि करडा रानकोंबडा, पूर्वेकडे सालाचं जंगल आणि त्यासोबत लाल रानकोंबडा, बारशिंगा आणि रानरेडा. पचमढीखाली देनवा नदीच्या खोऱ्यात सालाचा एक एकटा तुकडा आहे. मुख्य सालवनापासून तो फार दूर आहे, तरी तिथे लाल रानकोंबडा आणि बारशिंगाही त्याला भेटले. रानरेडा मात्र नाही. त्यासाठी आणखी पूर्वेला जावं लागे. त्यामुळे लॉजचं नाव गव्यावरूनच, यात शंका नको.

अमेरिकेत बफेलो संपवला तो रायफलने आणि चामड्याच्या बाजाराने, तेही १८७० च्या दशकात, पाहता पाहता. गिरण्यांतल्या यंत्रांना पट्टे लागत आणि ते त्या कातड्यांचे होत. आपल्याकडे तसं सरळ उत्तर मिळत नाही. फॉर्साइथ-बेकरसारख्यांनी मारले ते मारलेच, त्यांची बाजू मी घेत नाही. पण ओलसर गवताळ सखल जमीन नांगराखाली गेली, गावच्या गुरांकडून बुळकांडी जंगलात शिरली, आणि पाळीव म्हशींशी संकर होऊन शुद्ध वंश पातळ झाला. धूर आणि आवाज बंदुकीचा होता, म्हणून दोषही तिच्याच नावावर जास्त जमा झाला, असं माझं मत.

आज देशातले बहुतेक रानरेडे आसामात, काझीरंगाच्या बाजूला आहेत. मध्य भारतात छत्तीसगडने त्याला राज्यप्राणी केलंय, पण तिथे उरलेत थोडेच. महाराष्ट्रात गडचिरोलीतल्या कोलामार्काला, इंद्रावतीच्या अंगाला, एक लहान कळप आहे. काकूंनी आता पुढची सहल तिकडे काढायची सूचना मंडळाच्या वहीत लिहून ठेवली आहे.