अनिच्छेचा प्रवासी

एखाद्या दुर्गम प्रदेशाचे दार प्रथम कोणी उघडले, याचा इतिहास लिहिताना वाटाड्याचे नाव बहुधा गळून पडते. अरबस्तान एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत ओलांडणारा पहिला युरोपीय प्रवासी म्हणून ज्याची नोंद झाली आहे, तो मुंबईहून निघाला होता. त्याची कथाही याला अपवाद नाही.

इ. स. १८१८ मध्ये इजिप्तच्या महंमद अलीचा पुत्र इब्राहीम पाशा याने वहाबींची राजधानी दिरिया जिंकली. मुंबई सरकारला त्या सुमारास इराणच्या आखातातील कासिमी दर्यावर्द्यांचा बंदोबस्त करावयाचा होता. या कामी पाशाचे साहाय्य मिळावे, म्हणून अभिनंदनाचा संदेश व मानाची तलवार देऊन ४७ व्या पलटणीतील कॅप्टन जॉर्ज फॉर्स्टर सॅडलियर याला एप्रिल १८१९ मध्ये रवाना करण्यात आले.

जूनमध्ये सॅडलियर आखाताच्या काठी कतीफला उतरला. पाशा तर दूर अंतर्भागात! ऐन उन्हाळ्यात बनी खालिद टोळीच्या बेदुईनांबरोबर आणि पुढे परतणाऱ्या इजिप्शियन फौजेबरोबर तो वाटचाल करीत राहिला. दिरियाला पाहावयास मिळाले ते केवळ भग्नावशेष. अखेर सप्टेंबरात मदीनेनजीक पाशाची भेट झाली आणि त्याच महिन्यात सॅडलियर तांबड्या समुद्रावरील यंबो बंदरी पोहोचला. हजार किलोमीटरांहून अधिक वाळवंट मागे पडले होते. मात्र राजकीय हेतू विफल झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजांनी रास अल् खैमावर स्वारी केली, ती पाशाच्या मदतीवाचूनच. सॅडलियर १८२० च्या मे महिन्यात मुंबईस परतला.

त्याची दैनंदिनी १८६६ मध्ये भायखळ्याच्या छापखान्यात छापली गेली. तीत बेदुईनांची दिरंगाई, लबाडी व द्रव्यलोभ यांविषयी कडवट तक्रारी आहेत. हुकुमाचा ताबेदार म्हणून निघालेल्या या माणसाला वाळवंटाची ओढ मुळीच नव्हती. पण ज्यांच्यावर तो चिडत होता, त्यांच्या उंटांवाचून आणि विहिरींच्या ज्ञानावाचून त्याला एक मजलही मारता आली नसती.

बेदुईनांचीही एक बाजू होती. शेळीच्या काळ्या केसांच्या तंबूत राहावे, उंटिणीचे दूध व खजूर यांवर दिवस काढावेत, पावसामागे कळप हाकीत जावे, असे त्यांचे जीवन. विहीर व चराई ही टोळीची मालमत्ता. तेथून जाणाऱ्या परक्याने मोबदला द्यावा, हा त्यांच्या लेखी न्यायच होता. त्या टोळीचा एक माणूस ‘रफीक’ म्हणून सोबत घेतला, म्हणजे प्रवाशाचे रक्षण ही त्या टोळीच्या अब्रूची बाब होई. आपण खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतो. तेथे ज्याच्यासह भाकर-मीठ खाल्ले, त्याला दगा देणे हा मोठा कलंक.

पुढे १९४५ ते १९५० या काळात विल्फ्रेड थेसिजर हा राशिद टोळीच्या सोबत्यांसह ‘रुब अल् खाली’ या महावाळवंटात हिंडला. त्याने आपल्या ग्रंथात त्या सोबत्यांची नावे आदराने नोंदविली. त्यांच्या सोबतीवाचून हा प्रवास आपल्या लेखी निरर्थक ठरला असता, अशी त्याची भावना होती.

सॅडलियरची वाट खरीच. पण ती त्याला सापडली नव्हती, दाखविली गेली होती. नकाशावर प्रवाशाची रेघ उमटली. जे पुढे चालत होते, त्यांची पावले वाळूने पुसून टाकली.