'क्लिअर' म्हणजे नेमकं काय? खोलीतल्या लढाईच्या प्रशिक्षणात शब्दांवरून वाद का होतात?

बंद दाराबाहेर चार जवान उभे आहेत. दार उघडतं, चौघं आत शिरतात आणि काही सेकंदांत त्यातला एकजण ओरडतो, "क्लिअर!"

याचा अर्थ काय घ्यायचा? 'माझ्या बाजूला कोणी नाही', 'अख्ख्या खोलीत कोणी नाही' की 'आता बाकीच्यांनी आत यायला हरकत नाही'? वेगवेगळ्या तुकड्यांमध्ये हे तिन्ही अर्थ चालतात. मागून येणाऱ्यानं चुकीचा अर्थ घेतला, तर तो थेट शत्रूच्या गोळीसमोर जाऊ शकतो. म्हणूनच लष्करी प्रशिक्षणातले शब्दांवरचे वाद वरवर किरकोळ वाटले, तरी तसे नसतात.

नावावरच एकमत नाही

इमारतीत, खोल्यांमध्ये, अगदी काही फुटांवरून होणाऱ्या लढाईला 'क्लोज क्वार्टर बॅटल' म्हणजे सीक्यूबी म्हणतात. अमेरिकन लष्कराच्या पुस्तिकांमध्ये यासाठी 'क्लोज क्वार्टर्स कॉम्बॅट' म्हणजे सीक्यूसी हा शब्दही आहे. पण अनेक प्रशिक्षकांच्या लेखी सीक्यूसी म्हणजे हातघाईची झटापट.

वस्तीतल्या लढाईला ब्रिटिश लष्करात 'फिबुआ' म्हणायची पद्धत होती, तर अमेरिकेत 'माउट'. भारतीय लष्कराच्या सरावांच्या बातम्यांमध्ये 'रूम इंटरव्हेन्शन' हा शब्द दिसतो. अमेरिकन सैनिक त्यालाच साधारणपणे 'रूम क्लिअरिंग' म्हणतात.

हे शब्द आले कुठून?

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इस्रायली पथकातले ११ जण मारले गेले. त्यांना सोडवण्याचा जर्मन पोलिसांचा प्रयत्न फसला होता. त्यानंतर जर्मनीनं 'जीएसजी ९' हे खास पथक उभारलं. ब्रिटनच्या 'एसएएस'नंही दहशतवादविरोधी तयारी वाढवली. ५ मे १९८० रोजी लंडनमधल्या इराणी दूतावासात एसएएसनं केलेली कारवाई लोकांनी टीव्हीवर थेट पाहिली. भारताचं एनएसजी १९८४ मध्ये याच दोन पथकांच्या धर्तीवर उभं राहिलं.

या पथकांचं मुख्य काम होतं ओलिसांना सोडवणं. तिथे एकेक सेकंद महत्त्वाचा, कारण उशीर झाला तर ओलीस मारले जातात. म्हणून जवान स्वतःचा जीव धोक्यात घालून वेगानं आत शिरतात.

पुढे १९९० च्या दशकात ही तंत्रं अमेरिकेत साध्या पायदळाच्या पुस्तिकांमध्येही आली. तंत्रासोबत शब्दही आले, पण हेतू बदलला होता. खोलीत ओलीस नसतील, तर घाईनं आत का शिरायचं? बाहेर थांबता येतं, आतल्यांना शरण यायला सांगता येतं. बरेचसे वाद इथूनच सुरू होतात.

'डायनॅमिक' की 'डेलिबरेट'?

'डायनॅमिक एन्ट्री' म्हणजे सगळ्यांनी झपाट्यानं आत शिरून खोलीचा ताबा घेणं. 'डेलिबरेट' म्हणजे दाराबाहेर राहूनच आतला जास्तीत जास्त भाग आधी नजरेखाली घालणं, मग गरज असेल तर आत जाणं.

गोंधळ असा की काही प्रशिक्षक या शब्दांचा अर्थ फक्त 'जलद' आणि 'हळू' असा घेतात. मग 'आमची डेलिबरेट पद्धतही जलद आहे' आणि 'मग ती डायनॅमिकच झाली' असा वाद रंगतो. खरा प्रश्न वेगळा असतो: जवान खोली कुठून बघतो, आत शिरून की उंबऱ्याबाहेरून? एकजण वेगाबद्दल बोलतो आणि दुसरा जागेबद्दल, त्यामुळे दोघांचं एकमत होणं कठीणच.

'कव्हर' आणि आडोसा

गोळी अडवते ती आड, म्हणजे 'कव्हर'. फक्त नजरेपासून लपवतं ते 'कन्सीलमेंट'. जाड काँक्रीटचा खांब कव्हर देतो. पडदा किंवा प्लायवूडचं कपाट फक्त लपवतं. रोजच्या मराठीत आपण दोन्हींना 'आडोसा' म्हणतो आणि आपलं काही बिघडत नाही. जवानाला हा फरक न बोलता, न विचार करता कळावा लागतो.

'डबल टॅप'चंही तसंच. नेमबाजीत त्याचा अर्थ एकाच लक्ष्यावर झटपट दोन गोळ्या. बातम्यांमध्ये मात्र बचावासाठी धावलेल्या लोकांवर त्याच जागी केलेल्या दुसऱ्या हल्ल्यालाही 'डबल टॅप' म्हणतात.

मुंबईशी संबंध काय?

२६/११ च्या हल्ल्यात मुंबई पोलीस, नौदलाचे मार्कोस, लष्कर आणि एनएसजी अशी वेगवेगळं प्रशिक्षण घेतलेली दलं उतरली होती. ताज हॉटेलमधली कारवाई २९ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी संपली. शेकडो खोल्यांच्या अशा इमारतीत 'मजला तपासला' आणि 'मजला सुरक्षित आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. तपासलेल्या खोलीवर पहारा नसेल, तर हल्लेखोर तिथे पुन्हा शिरू शकतो. या हल्ल्यानंतर महाराष्ट्रानं 'फोर्स वन' हे स्वतःचं पथक उभारलं.

मग तोडगा काय?

जगभर चालेल असा एकच शब्दकोश नाही. नेटोचा इंग्रजी आणि फ्रेंच भाषेतला लष्करी संज्ञाकोश आहे, पण खोलीत ओरडायचा शब्द शेवटी त्या त्या तुकडीच्या सरावातच पक्का होतो.

अमेरिकन लष्कराच्या २००२ च्या पुस्तिकेनं 'क्लिअर'चा प्रश्न सोप्या पद्धतीनं सोडवला. जवान 'क्लिअर' म्हणतो ते फक्त स्वतःच्या वाट्याच्या भागाबद्दल. 'रूम क्लिअर' म्हणायचा अधिकार तुकडीच्या म्होरक्याचा.

कोणता शब्द बरोबर, यावर प्रशिक्षक पुढेही भांडत राहतील. दाराबाहेरच्या चौघांसाठी मात्र प्रश्न एवढाच आहे की आतून आलेल्या हाकेचा अर्थ चौघांनाही एकच कळतो का. हे दार उघडण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. आत शिरल्यावर विचारायला वेळ नसतो.