फ्रिज घेताना कोणी विचारत नाही तो प्रश्न

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजी आल्या. नेहमीच्या पेशंट. बरीच वर्षं इन्सुलिनवर, आणि पथ्याच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक. त्यांची उपाशीपोटीची शुगर एरवी १३०-१४० च्या आसपास असायची, ती त्या महिन्यात २८० निघाली. पुन्हा तपासली, जवळपास तेवढीच. आंबा? नाही. लग्नाचं जेवण? नाही. ताप, लघवीची जळजळ, पायाला जखम, काहीच नाही. इंजेक्शन कसं घेता ते करून दाखवायला सांगितलं, तेही बरोबर. मी डोस वाढवायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांच्या सूनबाई सहज म्हणाल्या, "डॉक्टर, आता तर नवा फ्रिज घेतलाय. आईंचं इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यातच ठेवतो आम्ही, एकदम गार राहतं."

दुसऱ्या दिवशी बाटली मागवली. आजींचं इन्सुलिन दुधासारखं दिसणारं, तळहातात हलकेच घोळवलं की एकसारखं होणारं. या बाटलीत कितीही घोळवलं तरी पांढरे कण तरंगत होते, काही काचेला चिकटले होते. इन्सुलिन गोठून पुन्हा वितळलं होतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन भरवशाचं राहत नाही, ते टाकूनच द्यावं लागतं. नवी बाटली आणली, मधल्या कप्प्यात ठेवली, डोस तोच ठेवला. हळूहळू शुगर जागेवर आली.

तेव्हापासून कोणी "नवा फ्रिज घेतोय" म्हणालं की मी विचारतो, "आत किती अंश असतं?" लोक लिटर सांगतात, दारं किती ते सांगतात, स्टार सांगतात. अंश कोणालाच माहीत नसतात. स्टार विजेचं सांगतात, आतल्या गारव्याचं नाही. हा गारवा घरापर्यंत कसा आला याची गोष्ट मोठी आहे आणि तिच्यात एक डॉक्टरही आहे. म्हणून आज थोडा इतिहास.

यंत्र नव्हतं तेव्हा गारवा निसर्गाकडून उसना आणावा लागे. अमेरिकेतल्या बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून गरम देशांना विकायचा. १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचं जहाज त्याचा १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला पोचलं. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त, आणि तरीही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक! करामत भोवती भरलेल्या लाकडाच्या भुशाची होती. बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही, एवढंच त्या भुशाचं काम. तुमच्या फ्रिजच्या जाड भिंती आणि दाराची रबरी पट्टी आज तेच काम करतात. पट्टी तपासायची सोपी युक्ती आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि कागद ओढा. तो सहज सुटून आला तर तिथून उष्णता आत शिरते आहे. नवा फ्रिज दुकानातही असा तपासता येतो. विक्रेता थोडा विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

हा बर्फ पुढे मुंबईलाही येऊ लागला. मद्रासचं समुद्रकिनाऱ्याजवळचं बर्फघर तर आजही उभं आहे, विवेकानंदांच्या नावाने. मुंबईचा एक किस्सा सांगितला जातो. जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३४ च्या सुमारास मेजवानीत आईस्क्रीम वाढलं, आणि यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी वर्तमानपत्राने थोड्या खवचटपणे छापली. आईस्क्रीमने सर्दी होते हा समज इतका जुना आहे! सर्दी विषाणूंमुळे होते, मेजवानीत एकमेकांजवळ बसल्यानेही होते. आईस्क्रीमची बदनामी मात्र अजून चालू आहे.

आता तो डॉक्टर. जॉन गॉरी हे १८३३ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडातल्या अपालाचिकोला या बंदरगावी आले. उन्हाळ्यात तिथे मलेरिया आणि पिवळा ताप यायचा. दूषित हवेमुळे ताप येतो अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. ताप उन्हाळ्यात येतो आणि थंडी पडली की जातो, हे गॉरी दरवर्षी बघत होते. तेव्हा हवाच गार केली तर? त्यांनी रुग्णांच्या खोलीत छताला भांडं टांगून त्यात बर्फ ठेवायला सुरुवात केली. गार हवा जड असते, ती खाली रुग्णाच्या अंगावर उतरायची. पण बर्फ उत्तरेकडून जहाजाने यायचा. जहाज लांबलं की उपचार बंद.

म्हणून या माणसाने बर्फ बनवायचं यंत्रच करायला घेतलं. हवा दाबली की तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ते याचमुळे. ही दाबलेली हवा पाण्याने थंड करायची आणि मग एकदम पसरू द्यायची, की ती कमालीची गार होते. त्या गार हवेने पाण्याचा बर्फ करायचा. या वेडापायी त्यांनी १८४५ मध्ये दवाखाना बंद केला. १८५१ मध्ये पेटंट मिळालं. पण भांडवल घालणारा भागीदार वारला, वर्तमानपत्रांनी टिंगल केली, आणि १८५५ मध्ये गॉरी जवळजवळ कफल्लक अवस्थेत गेले.

मला या गोष्टीत सगळ्यात विचार करायला लावतं ते वेगळंच. गॉरींचं निदान चुकलेलं होतं. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे पुढे १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी आपल्याकडेच, सिकंदराबादला, डासाच्या पोटात जंतू शोधून दाखवायला सुरुवात केली तेव्हा उलगडलं. म्हणजे चुकीच्या कारणाच्या मागे लागून एका डॉक्टरने बरोबर यंत्र केलं. आम्हा डॉक्टरांच्या इतिहासात हे अनेकदा झालेलं आहे, पण इतकं उपयोगी क्वचितच.

पुढे हवेऐवजी पटकन उकळून वाफ होणारे द्रव आणि वायू वापरायची पद्धत रुळली. तुमच्या फ्रिजच्या मागे गरम होणाऱ्या नळ्या आणि गुरगुरणारा कॉम्प्रेसर आहे तो त्याच पद्धतीचा. १९२० च्या दशकात असे फ्रिज अमेरिकेत आणि युरोपात घरोघरी शिरू लागले, आणि एक नवं संकट घेऊन आले. नळ्यांमधून अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड फिरायचं. तिन्ही विषारी. पहिल्या दोघांचा वास इतका उग्र की झोपलेला माणूस उठून पळेल. मिथाइल क्लोराइडचा वास सौम्य, गोडसर. तो गळला तर कळायचंही नाही. शिकागोत १९२९ मध्ये त्याने माणसं दगावली. लोकांनी धसका घेतला. काहींनी फ्रिज घराबाहेर नेऊन ठेवले.

बर्लिनमधलं एक अख्खं कुटुंब फ्रिजमधल्या वायूने रात्रीत गेल्याची बातमी आइन्स्टाइन यांच्या वाचनात आली. हो, तेच आइन्स्टाइन. त्यांनी तरुण शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांना सोबत घेतलं. वायू गळतो कुठून? पंपाच्या हलत्या भागांच्या सांध्यातून. मग हलता भागच नको. दोघांनी असा फ्रिज कागदावर उतरवला आणि १९३० मध्ये त्याचं अमेरिकेत पेटंटही घेतलं. पण तो बाजारात आला नाही, कारण तोवर फ्रिऑन आला होता. थॉमस मिजली या रसायनतज्ज्ञाने १९३० मध्ये भर सभेत फ्रिऑन छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध! घरं सुरक्षित झाली. पण त्याच कुळातले वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. ओझोन विरळ झाला की कातडीचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढतात, तेव्हा हाही शेवटी आमच्याच खात्याचा विषय.

आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा फ्रिजच्या मागे 'आर-६००ए' असं लिहिलेलं दिसेल. हा आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद. विषारी नाही, ओझोनला धोका नाही, पण ज्वालाग्राही आहे. प्रमाण थोडं असतं, घाबरू नका. फक्त बर्फाच्या कप्प्यातला बर्फ चाकूने किंवा उलथन्याने खरवडू नका. नळीला भोक पडलं तर वायूही जातो आणि फ्रिजही.

आपल्याकडे १९५८ मध्ये गोदरेजने फ्रिज बनवायला सुरुवात केली. तरी माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, आमच्या आळीत एकच फ्रिज होता. तो स्वयंपाकघरात नसून बाहेरच्या खोलीत, वर विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी, आणि दाराला कुलूप. कोणाला जास्त ताप आला की त्या घरी वाटी घेऊन बर्फ मागायला जायचं. बाकी सगळ्यांकडे जाळीचं कपाट, शिंकं आणि माठ. दूध दोनदा तापवायचं, उरलं की विरजायचं. भाजी रोजची रोज. टिकवायचं ते मिठात, तेलात, साखरेत किंवा उन्हात. जगभर खारवून-धुरावून टिकवलेलं अन्न कमी झालं तसा जठराचा कर्करोगही घटला. त्याच्या कारणांत फ्रिजचाही वाटा मानला जातो.

जुन्या फ्रिजच्या दारालाही एक काळी आठवण चिकटलेली आहे. त्याचा खटका बाहेरूनच उघडायचा. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपायला गेलेली मुलं आत गुदमरून गेली, तेव्हा १९५६ मध्ये तिथे आतूनही ढकलून उघडेल असंच दार हवं असा कायदा झाला. चुंबकाची पट्टी आली ती या वळणावर. तुमचा जुना फ्रिज गच्चीवर किंवा जिन्याखाली पडणार असेल, तर आधी त्याचं दार काढून ठेवा. त्याला कुलूप असेल तर आजच.

एमबीबीएसनंतर मी एका ग्रामीण आरोग्य केंद्रात होतो. तिथे लसींचा फ्रिज वरून उघडणारा होता. गार हवा जड, त्यामुळे झाकण उघडलं तरी ती आतच बसते; उभ्या दाराच्या फ्रिजमधून मात्र ती पायावर सांडते. त्या फ्रिजमध्ये थर्मामीटर असे आणि सिस्टर सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहीत. २ ते ८ अंश. एकदा रात्रीत पारा शून्याखाली गेला आणि धनुर्वाताच्या लसीच्या बाटल्या टाकून द्याव्या लागल्या. उन्हाने लस बिघडते हे मला माहीत होतं; जास्त गारव्यानेही बिघडते हे त्या सकाळी अंगात मुरलं. तरीही आजींच्या वेळी ते मला पटकन सुचलं नाही, हे कबूल करतो.

घरच्या फ्रिजमध्ये वही नको, पण थर्मामीटर हवा. दोन-तीनशे रुपयांचा पुरतो. मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. ४ अंशांच्या आसपास यायला हवा. बटणावरचे १ ते ७ आकडे अंश नसतात, बहुतेक फ्रिजमध्ये आकडा वाढवला की गारवा वाढतो एवढंच. नवीन फ्रिज आला की पहिले चार दिवस हे करून बघा. इन्सुलिन मधल्या कप्प्यात, डबीत, मागच्या भिंतीला आणि हवेच्या झरोक्याला न टेकता ठेवा. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला लागून कधीच नाही. दार सारखं उघडणाऱ्या घरात दाराचा कप्पाही टाळा. चालू बाटली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर राहू शकते, पण खोली २५-३० अंशांच्या आत हवी. नेमकं किती ते खोक्यातल्या कागदावर असतं. विदर्भातल्या मे महिन्यात ते शक्य नाही, तिथे फ्रिज नसेल तर माठाचा गारवा उपयोगी पडतो.

आणि भात. रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकणं ही आपली आवडती सवय. भातात एका जिवाणूची बीजं शिजवल्यावरही जिवंत राहतात, उबदार भातात वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा परतल्याने जात नाही. उरलेला भात ताटात पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. मग खुशाल फोडणी द्या. वीज गेली तर दार बंद ठेवा, चार तास सहसा निभावतात. गच्च भरलेला फ्रीझर त्याहून बराच जास्त टिकतो.

पुढच्या भेटीला आजी स्वतः आकडे घेऊन आल्या, कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिहिलेले. ४, ५, ५, ४, आणि मध्येच ११. मी विचारलं, "हे काय झालं?"

"गौरी होत्या हो," आजी म्हणाल्या. "दार बंद राहतंय कुठे!"